कुंडीतल्या पाट्या आणि बियांची पाकिटं : फाँट कुठला, शाई कुठली?

मधुरा_गच्चीवाली
नमस्कार मंडळी. मी पुण्यात फ्रीलान्स ग्राफिक डिझाइन करते, म्हणजे दिवसभर 'लोगो जरा मोठा करा ना मॅडम' ऐकायचं आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटून गच्चीत पळायचं. गच्चीत वांगी, दोन जातींच्या मिरच्या, टोमॅटो, शेपू, पालक, लसणाची पात, आणि टाकीशेजारच्या मांडवावर दुधी नि दोडका. याशिवाय हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढायचं वेड आहे, घरचे म्हणतात हिला मंडईत पाठवलं की कोथिंबीर विसरते आणि पाट्यांचे फोटो घेऊन येते. पण खरं सांगा, खडूने झर्रकन लिहिलेलं 'गावरान' बघितलंय का कधी नीट, त्यातला तो ग चा काना खाली येता येता जो किंचित बाहेर वळतो ना, तसं वळण विकतच्या फाँटात शोधून सापडत नाही.

तर मुद्द्यावर येते. मृगाच्या आधी सोसायटीत बियांची देवाणघेवाण ठरलीय आणि 'मधुरा डिझायनर आहे, ती करेल' असं माझ्या गळ्यात पडलंय (फुकट, अर्थात). कुंडीत खोचायच्या पाट्या आणि बियांची छोटी खाकी पाकिटं अशा दोन गोष्टी करायच्यात. पाट्यांचा त्रास असा की परमनंट मार्कर नावापुरताच परमनंट, मे महिना संपेपर्यंत नाव गायब, आणि रोपं लहान असताना तिखट मिरची कुठली नि ढोबळी कुठली हे पानावरून ओळखणं माझ्या तरी बापजन्मात जमणार नाही. पाकिटाचा त्रास वेगळा, मागच्या बाजूला पेरणीचा महिना, खोली, अंतर वगैरे सात-आठ पॉइंटच्या बारीक अक्षरात बसवायचंय आणि वाचणारे अर्धे लोक साठीच्या पुढचे. मला एक जाड-बारीक रेषांचा, बोरूच्या वळणाचा फाँट फार आवडलाय पण तेवढ्या लहान साइझला तो टिकेल का शंका आहे. अनुभवी लोकांनी सांगा. आणि हो, दुधीला फुलं भरपूर पण फळ बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळतंय, तेही कुणाला माहीत असेल तर सांगून टाका, वेगळा धागा काढत नाही.

अनुस्वार
बोरूच्या वळणाचा फाँट पाकिटाच्या पुढच्या बाजूला, मोठ्ठा, भाजीच्या नावापुरता. मागे अजिबात नको. देवनागरीत लहान साइझला सगळ्यात आधी मरतात ते अनुस्वार, रफार आणि मात्रा, आणि बारीक रेष खाकी कागदावर शाई पसरून एकतर तुटते नाहीतर भरून जाते. 'वांगी'वरचा टिंब गेला की 'वागी' उरतं. मागे एकसारख्या जाडीच्या रेषेचा, पोट मोकळं असलेला फाँट घे. एकटाइपचा मुक्त आहे, नोटो सान्स देवनागरी आहे, दोन्ही फुकट आणि ओपन लायसन्सचे, छपाईला कुणाची परवानगी लागत नाही. मुक्तचा रेग्युलर न घेता मीडियम घे, खाकीवर एक पायरी जाडच बरा दिसतो. आणि दोन ओळींत अंतर सढळ ठेव, इंग्रजीला १२० टक्के चालतं म्हणून तेच मराठीला लावलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, निम्म्या सरकारी पत्रकांची तीच गत आहे. १५० टक्क्यांपासून सुरू कर.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, वाढवू नकोस. हल्ली लग्नपत्रिकांवर फॅशन आलीय शिरोरेषा तोडून अक्षरं लांब लांब ठेवायची, बघूनच दात आंबतात.

आता माझा आवडता विषय. शेपू, पालक, लसूण, लाल माठ, एवढ्या नावांत श आणि ल किती वेळा येतात बघ. आपला ल म्हणजे दोन पाकळ्यांचा, उजवीकडे काना नसलेला, आणि श सुद्धा हिंदीपेक्षा वेगळा. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात हे आकार नीट ठरवून दिलेत. बऱ्याच फाँटांत दोन्ही आकार असतात पण समोर येतो तो हिंदीचा, मराठीचे आत झोपलेले असतात, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी निवडली की जागे होतात. नोटोमध्ये होतात. नाही झाले तर ग्लिफ पॅनेल, म्हणजे फाँटातल्या सगळ्या अक्षराकारांचा तक्ता, उघडून हाताने बदल. टिरो देवनागरी तर मराठी, हिंदी, संस्कृत असा तीन वेगवेगळ्या फाँटांतच मिळतो, त्यातला मराठी उचलायचा, विषय संपला. पुढच्या बाजूला तुझ्या त्या फाँटऐवजी हाही लावून बघ.

अजून एक, 'पांढऱ्या कांद्याचं बी' असं छापणार असशील तर तो ऱ्या तपास. काही फाँटांत तो 'र्या' होऊन रफार वर जाऊन बसतो.

कोथिंबीर_जुडी
मस्त धागा! आगाऊपणा करून मध्येच विचारते, मी हौशी आहे, इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मिरची' टाइप केलं की पहिली वेलांटी म च्या पलीकडे जाऊन पडते आणि 'मेथ्या'तला थ पाय मोडलेला दिसतो. फाँट तीन बदलून बघितले. लॅपटॉप जुना आहे त्याचा दोष का?

अनुस्वार
@कोथिंबीर_जुडी, लॅपटॉपला बोल लावू नका, फाँटचाही दोष नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात इंडिक ऑप्शन्स दाखवा असं खूण करायचं चौकोन आहे तिथे टिक करा, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवडा. वेलांटी आपोआप जागेवर येईल. इनडिझाइनमध्ये त्याच कामाला वर्ल्ड-रेडी कंपोझर म्हणतात. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी डीटीपीवाले अजून श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटांत टाइप करतात, आणि मग तो मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ.

निशांत_प्रिंटवाला
फाँटचं काय ते अनुस्वार बघतील, मी शाईचं सांगतो, आमचा फ्लेक्स आणि व्हिनाइलचा धंदा आहे. चौकातले वाढदिवसाचे बॅनर बघितलेत ना, उन्हात दिवस काढले की भाऊ, दादा, साहेब सगळे निळे पडतात. कारण उन्हात पिवळा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) आधी उडतात, सायन (आकाशी निळा) आणि काळा मागे राहतात. म्हणजे पाटीवर टोमॅटो लाल रंगात लिहायची हौस असेल तर आत्ताच सोडा. काळा. फक्त काळा. मार्कर उडतो कारण त्यात रंग विरघळलेला असतो, त्याला डाय म्हणतात, तो उन्हापुढे टिकत नाही. पिगमेंटचा, म्हणजे रंगाची पूड असलेला पेंट मार्कर घ्या, ऑइल बेस लिहिलेला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. थर्मल प्रिंटरची लेबलं तर चुकूनही नको, दुकानाच्या बिलासारखी कोरी होतात.

सगळ्यात स्वस्त उपाय ऐकून हसाल. पेन्सिल. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून पट्ट्या करा, बारीक पॉलिश पेपरने एक बाजू घासून खरखरीत करा आणि साध्या २बी पेन्सिलने दाबून लिहा. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, ऊन त्याचं काही वाकडं करत नाही, पावसातही राहतं, आणि पुढच्या हंगामात खोडून दुसरं नाव.

पाकिटांसाठी प्रिंटरच्या भानगडीत पडू नका, खाकी पाकीट घरच्या प्रिंटरमध्ये हमखास अडकतं. रबर स्टॅम्प करून घ्या. मागच्या मजकुराचा एकच कॉमन शिक्का, 'पेरणी', 'खोली', 'अंतर', 'बी धरल्याचं वर्ष' आणि पुढे रिकामी रेघ, पेनने भरायचं.

मधुरा_गच्चीवाली
@निशांत_प्रिंटवाला, पेन्सिल!! आम्ही कॉलेजात सहा वर्षं पेन्सिली झिजवल्या आणि हे डोक्यात नाही आलं. पण माझं जे अक्षर आहे ते बघता पाट्यांसाठी मी पेंट मार्कर आणि पत्रा असंच करणार, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून त्यावर रिकाम्या बॉलपेनने दाबून नाव कोरायचं आणि खळग्यात काळा भरायचा. कडा दुमडून घ्याव्या लागतील, हात कापतो. रबर स्टॅम्पचं पटलं मात्र. फक्त शिक्क्यात शिरोरेषा तुटक येते ना?

निशांत_प्रिंटवाला
येते, रेष बारीक असेल तर. बोल्ड द्या आणि १० पॉइंटच्या खाली जाऊ नका. मजकूर कमी करा हो ताई, पाकिटावर निबंध कोण वाचतंय.

आजीचं_परसू
मधुरा, फाँट-बिंट मला कळत नाही, दुधीचं सांगते. बोटाएवढं होऊन पिवळं पडतंय म्हणजे फळ धरलेलंच नाही गं. मादी फुलाखाली जन्मतःच इवलासा दुधी असतो, तो परागकण नाही मिळाले की वाळून जातो. वरच्या मजल्यांवर त्यातून पाखरं कमी येतात, आणि दुधीचं फूल उमलतं संध्याकाळी, पांढरं, ते रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी. दोडका पिवळा असला तरी तोही दुपार कलल्यावरच उघडतो. म्हणून तू सकाळी जाऊन बघशील तर फूल मान टाकून बसलेलं. दिवेलागणीला जायचं, नुसत्या बारीक देठाचं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे करायच्या आणि मधला पिवळा कोंब मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवायचा. एका नर फुलात दोन-तीन माद्या होतात. काकडी, कारलं, लाल भोपळा यांचं मात्र सकाळी, ऊन चढायच्या आत. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात तेव्हा घाबरून जाऊन शेणखत ओतत बसू नकोस, नत्र जास्त झालं की वेल नुसता माजतो.

आणि पाकिटावर एक लिहाच, बी गावरान का हायब्रीड. दुकानातल्या एफ-वन, म्हणजे पहिल्या पिढीच्या हायब्रीड टोमॅटोचं बी धरून वाटलं तर पुढच्या वर्षी काय उगवेल त्याचा नेम नाही, मग लोक देणाऱ्याला नावं ठेवतात. टोमॅटोचं बी गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवून मग धुऊन सावलीत वाळवायचं, त्याच्याभोवतीची बुळबुळीत पिशवी गेली पाहिजे. कांद्याचं बी मात्र वर्षाच्या वर ठेवू नका, उगवण फार पडते. धने पेरताना दोन डाळी वेगळ्या करून पेरायचे हे सांगायला नको.

स्ट्रक्चरवाला
सगळे भाजीत रमलेत म्हणून नाइलाजाने मीठाचा खडा टाकतो. मधुरा, टाकीशेजारी मांडव म्हणालात, तिथे वाफा बांधलाय की कुंड्या? भारतीय मानकाप्रमाणे वापरात असलेली गच्ची साधारण चौरस मीटरला १५० किलो जिवंत भार (माणसं, सामान असा बदलता भार) धरून डिझाइन करतात. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जातं. म्हणजे एक फूट खोल वाफा पाणी पिऊन बसला की चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या पुढे. निम्मं कोकोपीट, निम्मं कंपोस्ट असं हलकं मिश्रण वापरा, खोली पालेभाज्यांना सहा इंच पुरते, आणि जड पिंपं बीमच्या किंवा भिंतीच्या वर, स्लॅबच्या मधोमध नाही. सोसायटीत सगळ्यांनी एकदम सुरू करण्याआधी हे एकदा इंजिनिअरला दाखवा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर भाज्याच काय, फळझाडंही वाढवली होती, तेव्हा होत नाही असं नाही, पण तिथेही सगळा भर पालापाचोळ्यावर आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर होता, विकतच्या लाल मातीवर नाही.

मधुरा_गच्चीवाली
@स्ट्रक्चरवाला, पिंपंच आहेत, अर्धी कापलेली, आणि भिंतीलगत. पण वरच्या मजल्यावरच्या काकांनी विटांचा वाफा बांधायला घेतलाय, त्यांना तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला, आता सोसायटीच्या ग्रुपवर जे व्हायचं ते होऊ दे.

@आजीचं_परसू, काकू, काल संध्याकाळी गेले तर खरंच, सातच्या सुमाराला पांढरी फुलं टक्क उघडी, आणि मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन जात होते. ब्रश होताच घरात, शून्य नंबरचा, त्याने चार फुलांना पराग लावलाय.

@अनुस्वार, टिरो मराठी लावून बघितला. 'लसूण' भारी दिसतंय, 'शेपू'सुद्धा. पण माझ्या पहिल्या फाँटाचा 'वांगी' अजून मनातून जात नाहीये, तो व चं पोट असं गरगरीत आहे की भरलं वांगंच. वांग्याच्या पाकिटावर तो, बाकी सगळीकडे टिरो, असं केलं तर चालेल का?

अनुस्वार
नाही चालणार. संच आहे तो, एक पाकीट वेगळ्या घरचं दिसेल.

आजीचं_परसू
खुशाल चालेल. वांग्याचा मान वेगळाच असतो. आणि ब्रश नको गं, नर फूलच वापर, ब्रशला चिकटून निम्मा पराग वाया जातो.

निशांत_प्रिंटवाला
पुढच्या बाजूच्या नावांचेही शिक्केच करताय ना? मग भाजीगणिक वेगळा शिक्का लागणार, फाँट दोन काय नि चार काय, खर्च तोच. फाइल पाठवताना टेक्स्ट आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठवा फक्त, नाहीतर शिक्केवाल्याकडे तुमची मिरची पुन्हा मोडायची.