किडनीतल्या एएमएलला ‘चरबीची गाठ’ म्हणावे का?

गिरणाकाठ, चाळीसगाव: मुतखड्यासाठी सोनोग्राफी करतात आणि रिपोर्टात ‘एएमएल’ निघते. आपल्याकडे घरी सांगताना ‘चरबीची गाठ’ म्हणतात. चालेल का?

तापीकाठ, शिरपूर: भाऊ, अर्धाच चालेल. एएमएल म्हणजे अँजिओमायोलिपोमा. त्यात चरबीबरोबर स्नायू आणि रक्तवाहिन्याही असतात. ‘चरबीची गाठ’ म्हटले की दंडावरची कातडीखालची गाठ आठवते, ती जन्मभर राहिली तरी बिघडत नाही. इथल्या वाहिन्यांच्या भिंती कच्च्या असतात, त्यांना फुगे येतात आणि ते फुटू शकतात. ‘चरबी-रक्तवाहिन्यांची गाठ’ म्हणा. नुसते ‘एएमएल’ मोबाइलवर शोधू नका, त्याच अक्षरांचा रक्ताचा कॅन्सर आहे.

सातपुडा, चोपडा: सोनोग्राफीवर थांबू नये. ही गाठ पांढरी चमकते, पण काही लहान कॅन्सरही तसेच दिसतात. कॉन्ट्रास्ट (शिरेतून सोडायचे औषध) न देता सीटी करून चरबी मोजतात. घनता उणे 10 हाउन्सफील्ड (सीटीवर घनता मोजायचे एकक) किंवा त्याखाली आली तर बहुधा एएमएलच. चरबी फार कमी असली तर सीटीत सापडत नाही, मग एमआरआय किंवा बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी.

गिरणाकाठ: मग ‘सौम्य गाठ’?

तापीकाठ: पुस्तकात ठीक. ऐकणारा ‘हलका कॅन्सर’ समजतो. ‘कॅन्सर नसलेली’ असे सरळ सांगावे. ‘साधी’ हा शब्द पाण्याच्या साध्या सिस्टसाठी ठेवा, तिच्यामागे सहसा फिरावे लागत नाही. एएमएलला ‘साधी’ म्हटले की पुढची तपासणी राहून जाते. लहान, न दुखणारी गाठ साधारण वर्षाने पुन्हा मोजतात. 4 सेंमीपुढे, किंवा आतला फुगा 5 मिमीपुढे गेला की रक्तस्रावाची धास्ती वाढते. गरोदरपणातही वाढते, म्हणून दिवस राहण्याआधीच दाखवावे. कुशीत अचानक कळ, चक्कर, लघवीत रक्त असे झाले तर मुतखडाच असेल म्हणून गोळी घेऊन पडून राहू नका, तडक मोठे हॉस्पिटल गाठा.

सातपुडा: तिथे जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीची वाहिनी बुजवतात, म्हणजे एम्बोलायझेशन. बहुतेकदा किडनी वाचते. नंतर काही दिवस ताप आणि दुखणे येऊ शकते, ते आधीच सांगून ठेवावे. दोन्ही किडन्यांत पुष्कळ गाठी असल्या तर ट्यूबरस स्क्लेरोसिस (अनेक अवयवांत गाठी आणणारा जनुकीय आजार) तपासतात, त्यात एव्हरोलिमसच्या गोळ्यांनी गाठी आक्रसतात.

गिरणाकाठ: आणि किडनीतलीच दुसरी गाठ, ‘ऑन्कोसायटोमा’?

सातपुडा: नावात ‘ऑन्को’ आहे, तरी कॅन्सर नाही. पण सीटीत तो कॅन्सरपासून खात्रीने वेगळा काढता येत नाही. बायोप्सी करतात, नाहीतर गाठीपुरता भाग कापून पॅथॉलॉजीला पाठवतात.