डबाभर चिल्लर : सोसायटी ग्रुपवरून

बी-204 : चवथीची साफसफाई काढलीय, सासऱ्यांचा एक बिस्किटाचा डबा सापडला, ते शिपवर होते ना, देशोदेशीची चिल्लर आहे आत. पोरगा म्हणतो सगळी जनावरंच आहेत, एकावर हरीण, एकावर काट्यांचा गोळा, एकावर मासा. जाम काळी पडलीत, सोलं लावून घासू का?

ए-102 काका : अगो बाय थांब!! सोलं समईला ठीक. नाण्याला आंबट लावलंस की मूळचा रंग जातो तो जातोच आणि मग जाणकार माणूस ते हातात पण घेत नाही. साध्या पाण्यात भिजव, मऊ कापडाने टिप, बस. आणि फोटो टाक, दोन्ही बाजूंचे.

सी-301 : वैनी गेंड्याची चार आणे आहेत का बघा, व्हिडिओत लाखाला जातात म्हणे

ए-102 काका : काय लाख नी बिख मरे! गेंड्याचे 25 पैसे 1988 पासून ढिगाने पाडले, 2011 ला बंद झाले, घराघरात पडलेत. हे व्हिडिओवाले आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागतात मग गायब. रिझर्व्ह बँकेच्या नावाने पण असले मेसेज फिरायचे, 2021 ला बँकेलाच सांगावं लागलं की आमचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

ए-102 काका : फोटो बघितले. हरीण म्हणजे दुबईचे 25 फिल्स, ते कुणाच्या पण घरी सापडेल, आपली अर्धी माणसं तिकडेच. काटेवाला ऑस्ट्रेलियाचा एकिडना, 5 सेंट, 1966 पासून चालू आहे. त्याच सेटमध्ये 20 सेंटवर प्लॅटिपस पोहतोय, 10 वर लायरबर्ड शेपूट पसरून. 1 आणि 2 सेंट त्यांनी 1992 पासून काढून घेतले, 2 वर गळ्याभोवती झालर असलेला सरडा, तो असेल तर वेगळा ठेव.

बी-204 : आणि मासा? पोरगा म्हणतो इसवण

ए-102 काका : हाहा इसवण नाही, सॅमन. मागे हार्प, ते तारांचं वाद्य, आहे ना, म्हणजे आयर्लंड. माझ्या मते जनावरांची एवढी देखणी नाणी दुसऱ्या कुणी काढली नाहीत. 1928 ला स्वतंत्र देशाची पहिली नाणी काढायची होती, समितीचा अध्यक्ष कवी येट्स, आणि चित्रं काढली पर्सी मेटकाफ नावाच्या इंग्रज शिल्पकाराने, बघा म्हणजे! पेनीवर कोंबडी नि पिल्लं, अर्ध्या पेनीवर डुकरीण पिल्लांसकट, सहा पेन्सवर शिकारी कुत्रा, हाफ क्राऊनवर घोडा. देवाधर्माची एक खूण नाही म्हणून पाद्री लोक चिडले होते. तरी सॅमन पुढे 10 पेन्सवर गेला आणि 2002 ला युरो येईपर्यंत टिकला.

सी-301 : माझा भाचा कॅनडात आहे, तिकडचं काही मागवू?

ए-102 काका : डॉलरवर लून पक्षी, त्याला तिकडे लूनीच म्हणतात. आधी होडीचं चित्र ठरलेलं पण साचे ओटावाहून विनिपेगला नेताना हरवले, मग 1987 ला हा पक्षी आला. भाच्याला सांग खिशातली सुट्टी आण, विकत काही घेऊ नको.

बी-204 : काका ठेवू कशात? आमच्याकडे पावसात कपाटाला पण बुरशी येते

ए-102 काका : पुठ्ठ्याचे होल्डर मिळतात, त्यात घाल आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. पीव्हीसीच्या पाकिटात नको, हिरवी चिकट होतात. आणि सॅमन डबल असेल तर एक मला दे, बदल्यात नॉर्वेची खार देतो, एक ओअरेची, ओअरे म्हणजे त्यांचे पैसे.

बी-204 : दोन आहेत. पोरगा म्हणतो आधी खार दाखवा