मे सुट्टीत गोकर्ण-मुर्डेश्वर, उन्हात तोंडाचं-अंगाचं काय करायचं?

टिळकवाडीकरीण
नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात घरचे सगळे गाडीनं गोकर्ण, मुर्डेश्वर करून येणार आहोत, हुबळी-यल्लापूर-अंकोला रस्त्यानं. बरोबर सासूबाई आणि सात वर्षांची पोरगी. आपल्या बेळगावच्या हवेतनं तिकडं समुद्राकाठी उतरलं की दुसऱ्या दिवशी मानेवर घामोळं आणि नाक लालभडक, हे आमच्यात ठरलेलंच. नवरा म्हणतोय सनस्क्रीन-बिनस्क्रीन सगळं थोतांड, टोपी घाल आणि गप बस. मी एसपीएफ (सनस्क्रीन ऊन किती अडवतं त्याचा आकडा) 50 वालं आणलंय पण दुकानातली पोरगी म्हणाली 100 वालं घ्या मॅडम, डबल काम करतंय, खरं काय ते? आणि पिंपल्ससाठी डॉक्टरांनी मला डॉक्सीसायक्लिन दिलंय, ते चालू असताना उन्हात गेलं तर चालतं ना?

निपाणीचा मेडिकलवाला
ताई, क्रीम राहू दे बाजूला, आधी गोळीचं बघा. डॉक्सीसायक्लिन चालू असताना कातडी उन्हाला जास्त भाजते, एरवी जेवढ्या उन्हात काही होत नाही तेवढ्यातच लाल होऊन चुरचुरायला लागते. मनानं बंद करू नका, पण निघायच्या आधी डॉक्टरांना एक फोन करून मेमध्ये बीचवर जाणार आहे एवढं सांगा, ते काय ते ठरवतील. रात्री रेटिनॉलचं (व्हिटॅमिन ए वालं, पिंपल्स-सुरकुत्यांसाठीचं) क्रीम लावत असाल तर तेही विचारा.
100 नं डबल वगैरे काही होत नाही. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले कातडी भाजणारे किरण, अडवतं, 50 वालं 98, आणि 100 वालं 99. म्हणजे पैसे वाढतात, फरक एका टक्क्याचा. खरी गोम लावण्यात आहे, लोकं वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या तोंडाला पुरवतात आणि मग म्हणतात उपयोग नाही. तोंड आणि मान मिळून पहिल्या दोन बोटांवर लांब रेघ ओढून येईल तेवढं पाहिजे, बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी परत, आणि पाण्यातनं बाहेर आल्यावर टॉवेलनं पुसलं की लगेच परत. पाकिटावर पीए (यूव्हीए, म्हणजे उन्हातले दुसऱ्या जातीचे किरण, किती अडतात त्याची खूण) समोर तीन-चार प्लस आहेत का ते बघून घ्या, एसपीएफ नुसतं यूव्हीबीचं सांगतं, काळवंडणं मुख्य यूव्हीएचं काम. आणि बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका, तिथं तापून औषध खराब होतं.

चोर्ला घाटवाला
मी भाजीची गाडी घेऊन पणजीला जातोय-येतोय, बेळगावची भाजी गोव्याला कशी जाते ते सगळ्यांना माहीतच हाय. माझे दोन हात शेजारी शेजारी ठेवून बघा, उजवा खिडकीकडचा एक रंग, डावा दुसराच! आणि काच वर करून एसी लावला तरी तेच, कारण बाजूच्या काचेतनं यूव्हीए आत येतंयच म्हणे. म्हणून वहिनी, ज्या बाजूला ऊन त्या बाजूच्या माणसाच्या हातावर सुती ओढणी टाका नाहीतर फुल बाहीचा शर्ट घाला. दादांना सांगा, टोपीनं कोपर झाकत नाही.

शहापूरची काकू
अगं बाळ, एवढं कशाला डोक्याला ताप करून घेतीस. आम्ही काय केलं नाही काय गे बीच? संध्याकाळी परत आलं की बेसन, दही आणि लिंबाचे चार थेंब, चोळून अंघोळ. कातडी चकचकीत.

निपाणीचा मेडिकलवाला
काकू, बेसन-दही ज्यांना सोसतंय त्यांनी लावा, फक्त भाजलेल्या कातडीवर चोळू नका. पण लिंबू नको हं. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि त्यावर ऊन पडलं की फोड येतात आणि मग महिनोन्‌महिने तपकिरी डाग राहतो. बीचवर बसून सरबतात लिंबू पिळताना हातावर ओघळ येतात, तिथंही होतं हे, पाण्यानं धुऊन टाकायचं बस. कोरफड लावणार असाल तर कापल्यावर आधी पिवळा चीक गळून जाऊ दे, त्यानंच पुष्कळांना खाज येते.
भाजलंच तर गार पाण्याचा फडका, साधं मॉइश्चरायझर आणि भरपूर पाणी प्यायचं, बर्फ नाही लावायचा, फोड आले तर फोडायचे नाहीत. थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरकडं.

टिळकवाडीकरीण
धन्यवाद सगळ्यांना, गोळीचं माहीत नव्हतं, उद्याच फोन करते. 🙏 आता सासूबाईंना दुपारी मुर्डेश्वरला बसवायचं कुठं ते सांगा, त्या सनस्क्रीन लावू देणार नाहीत.

चोर्ला घाटवाला
दुपारी नेऊच नका की! शंकराची मूर्ती 123 फुटी हाय खरी, पण मेमध्ये तिकडं सूर्य बारा-साडेबाराला जवळजवळ डोक्यावर येतोय, सावली पायाशीच संपती. एवढी मोठी मूर्ती आणि बसायला सावली नाही, फरशी मात्र तव्यासारखी तापती. सकाळी आठच्या आत दर्शन उरका नाहीतर चारनंतर. स्वतःची सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की आत जायचं, आमचं भाजीवाल्यांचं घड्याळ तेच.

निपाणीचा मेडिकलवाला
बरोबर. पोरीला पाण्यात जायला तो अंगासरशी बसणारा फुल बाहीचा पोहायचा टी-शर्ट घ्या, नुसत्या क्रीमपेक्षा बरा. फक्त ओल्या कपड्यात तासन्‌तास बसवू नका, मांड्या घासून लाल होतात आणि घामट हवेत लगेच गजकर्ण धरतं. गोड्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, मग सैल सुती. घामोळ्याला पण हेच, वर पावडरचे थर नकोत.