दोन डोस, चौदा दिवस आणि लोकलचा पास: अट योग्य होती का?

शिळफाटा:

करोनाकाळातील निर्बंधांविषयी बोलताना आता बहुतेक जण एक तर सगळेच योग्य होते असे म्हणतात, नाही तर सगळेच थोतांड होते असे. मला एकाच निर्णयाविषयी लिहायचे आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल सर्वसामान्यांना खुली झाली, परंतु दोन डोस घेऊन वर चौदा दिवस उलटलेल्यांनाच. लसीची अट घालणे मुळातच चूक होते असे मी म्हणत नाही. जी लस सरकारांनाच वेळेवर पुरवता आली नाही, ती न मिळाल्याचा भुर्दंड प्रवाशावर टाकणे अन्यायाचे होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

पंचांग उघडून हिशेब करून पाहा. १५ ऑगस्टपासून चौदा दिवस मागे गेले की १ ऑगस्ट येतो. केंद्राने १३ मे रोजी कोविशिल्डच्या दोन डोसांतील अंतर बारा ते सोळा आठवडे, म्हणजे किमान ८४ दिवस केले होते. तेवढे आणखी मागे गेले की ९ मे येतो. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण सुरू झाले १ मे रोजी, आणि साठा नसल्यामुळे राज्याला ते मेच्या मध्यालाच थांबवावे लागले. म्हणजे त्या आठ-नऊ दिवसांत ज्याला नंबर लागला तोच कोविशिल्डवाला तरुण पहिल्या दिवशी लोकलमध्ये चढण्यास पात्र होता. २१ जूनला केंद्राने सर्व प्रौढांसाठी मोफत लसीकरण सुरू केले. त्या दिवशी रांगेत सर्वांत पुढे उभा असलेला मुलगासुद्धा २७ सप्टेंबरच्या आधी फलाटावर येऊ शकत नव्हता. याउलट कोवॅक्सिनचे अंतर २८ दिवसांचे होते आणि खासगी रुग्णालयात तिच्या एका डोसची कमाल किंमत १,४१० रुपये ठरलेली होती. ज्याच्या खिशात २,८२० रुपये होते, त्याने ४ जुलैला पहिला डोस घेतला तरी त्याला १५ ऑगस्टची पहिली गाडी मिळत होती.

मी तेव्हा भायखळ्यात एका छापखान्यात कामाला होतो. डोंबिवलीहून शिळफाट्यामार्गे बसने जायला पावणेतीन तास लागत. बसला डोसांची अट नव्हती, आणि त्या बसमध्ये माझ्या खांद्यावर शेजाऱ्याचे डोके पेंगत असे. हा नियम नेमका कोणाचे रक्षण करत होता, हे मला अजून कळलेले नाही.

मदतकक्ष:

आपला तारखांचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि ११ ऑगस्टपासून स्थानकाबाहेरच्या मदतकक्षात बसत होते. लस प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखपत्र घ्यायचे, तपासायचे, दोन्हींवर शिक्का मारायचा, की मग तो माणूस खिडकीवर जाऊन मासिक पास काढणार, असे ते काम होते. पहिल्या दिवशी माझ्या टेबलाशी आलेल्यांत बहुसंख्य पंचेचाळिशीच्या पुढचे होते. हे आपल्याला अन्याय वाटते. मला त्यात अर्थ दिसतो. एप्रिल-मेमध्ये ज्यांच्यासाठी प्राणवायूच्या खाटा शोधत आपण रात्री जागवल्या, ते मुख्यतः याच वयाचे होते, आणि लसही त्यांनाच आधी मिळाली होती. दार थोडेच उघडायचे असेल तर ज्याला आजार झाला तरी रुग्णालयात न्यावे लागण्याची शक्यता कमी, त्याला आधी आत घ्यावे, हाच त्यातला विचार होता.

शिवाय १४ ऑगस्टला लोकल सर्वांना खुली होती आणि १५ला ती बंद झाली, असे घडलेले नाही. त्याआधी, दुसऱ्या लाटेपासून, ती केवळ अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी चालत होती. या अटीने कोणाचा पास काढून घेतला नाही, लाखो लोकांना तो दिला. महासाथीपूर्वी रोज पाऊण कोटी माणसे या गाड्यांतून जात होती. तेवढ्यांना एका दिवसात परत बोलावण्याची जोखीम दुसऱ्या लाटेनंतर दोन-अडीच महिन्यांत कोणत्याही मुख्यमंत्र्याने घेतली नसती. लस कमी पडण्यात चूक कोणाची, हा प्रश्न रास्त आहे, परंतु विषाणू तो विचारत नाही.

अमरावतीकर:

मुंबईबाहेरच्या माणसाची एक नोंद. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची पहिली टाळेबंदी आमच्याकडे, अमरावती आणि अचलपुरात लागली. १ फेब्रुवारीला लोकल खुली केली म्हणून लाट आली, असे तेव्हा वाहिन्यांवर ठासून सांगितले जात होते. आमच्याकडे लोकल नाही.

वसईची:

अमरावतीकरांनी १ फेब्रुवारीचा उल्लेख केला म्हणून लिहिते. डोसांची अट सर्वांत जाचक होती असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याआधीच्या वेळांच्या अटी अनुभवलेल्या नसाव्यात. ऑक्टोबर २०२० मध्ये महिलांना प्रवासाची परवानगी आधी राज्याने जाहीर केली, मग राज्य आणि रेल्वे यांच्यात पत्रापत्री झाली, आणि अखेर २१ तारखेपासून आम्हाला अकरा ते तीन आणि सायंकाळी सातनंतर जाता येऊ लागले. अकराला गाडीत बसणारी बाई दहाच्या कार्यालयात कशी पोहोचणार, हे कोणी विचारले नाही.

फेब्रुवारीत सर्वांसाठी नवीन वेळा आल्या: पहाटेपासून सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. मी हिशेबनीस होते, कार्यालय अंधेरीला, वेळ साडेनऊ ते सहा. सातच्या आत गाडी पकडायची म्हणजे आठला इमारतीच्या दारात हजर. सुरक्षारक्षकाने माझ्यासाठी जिन्याखाली प्लास्टिकची एक खुर्ची ठेवली होती, तिच्यावर मी दीड तास बसत असे आणि संध्याकाळी पुन्हा पावणेतीन तास. घरी पोहोचेपर्यंत मुलगी झोपलेली असे. कार्यालयांनी कामाच्या वेळा बदलाव्यात असे आवाहन सरकारने केले होते, परंतु आमच्या मालकांनी ते वर्तमानपत्रात वाचून बाजूला ठेवले. डोसांची अट निदान एकदा पूर्ण केली की सुटत तरी होती.

शिळफाटा:

वसईच्या ताईंचे म्हणणे मान्य आहे. वेळांचा जाच मी कमी लेखला. मदतकक्षातील बाईंचा पंचेचाळिशीचा मुद्दाही मी पूर्वी लक्षात घेतला नव्हता आणि तो वजनदार आहे. तरीही दोन गोष्टी उरतात. आपण ज्या खिडकीकडे माणसे पाठवत होता, तिथे सुरुवातीला फक्त मासिक पास मिळत होता, एका फेरीचे तिकीट नाही. नाक्यावर उभे राहून आज भांडुपला तर उद्या वांद्र्याला काम मिळवणाऱ्या रंगाऱ्याने दोन्ही डोस घेतलेले असले, तरी महिन्याचे पैसे आधी भरल्याशिवाय त्याला गाडी नव्हती. यात आरोग्याचा संबंध कुठे आला?

दुसरी गोष्ट आकड्यांची. ७ जूनपासून राज्याने पाच स्तरांची पद्धत आणली: बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या प्राणवायू खाटा पाहून जिल्ह्याचा स्तर ठरवायचा, पहिल्या स्तरात निर्बंध सर्वांत कमी. पद्धत उत्तम होती. परंतु मुंबईचे आकडे पहिल्या स्तराला शोभतील इतके उतरल्यावरही शहर तिसऱ्यातच राहिले, आणि २५ जूनला विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या प्रकाराचे कारण देऊन कोणताही जिल्हा तिसऱ्यापेक्षा सैल स्तरात नेऊ नये असा आदेश निघाला. लोकांनी पाळायचा नियम सरकारला स्वतःला गैरसोयीचा झाला की बदलतो, हे त्या दिवशी दिसले, आणि ऑगस्टच्या अटीकडे मी त्याच नजरेने पाहतो.

कलमबहाद्दर:

तुम्ही सगळे अट शहाणपणाची होती की नाही यावर भांडत आहात. ती ज्या रीतीने आली, ती रीतच सदोष होती, हे कोणी म्हणत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये असे निर्णय घेण्यासाठी राज्य कार्यकारी समिती आहे. १५ जुलै, १० ऑगस्ट आणि ११ ऑगस्ट २०२१ चे आदेश तत्कालीन मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी समितीशी विचारविनिमय न करता काढल्याचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर स्पष्ट झाले, आणि मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने त्यावर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. राज्याने ते आदेश मागे घेण्याची तयारी दाखवली. मग १ मार्चला नवा आदेश निघाला, आणि त्यातही लोकलसाठी लसीची अट कायम! तोवर ओमायक्रॉनची लाट ओसरून गेली होती. अखेर गुढीपाडव्याला, २ एप्रिलपासून, सगळेच निर्बंध उठले. महिनाभराने, २ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लस घेण्याची सक्ती कोणावर करता येत नाही आणि लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध परिस्थितीच्या प्रमाणात असले पाहिजेत. १८९७ चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगमुळे आला, तेव्हाही पुण्यात लोक चिडले ते साथ रोखण्यावर नव्हे, रोखण्याच्या रीतीवर. रीत ही किरकोळ बाब नव्हे.

मदतकक्ष:

मार्च २०२२ च्या आदेशाचे समर्थन मी करणार नाही. तेव्हा अट कायम ठेवण्यास काहीच कारण नव्हते. मासिक पासाच्या मुद्द्यावरही माझ्याकडे उत्तर नाही; रंगाऱ्यासारखे चार-पाच जण रोज माझ्या टेबलावरून शिक्का घेऊन जात आणि खिडकीवरून परत माझ्याशीच भांडायला येत. समितीत किती जण बसले होते याने ऑगस्टमधला निर्णय मात्र माझ्या दृष्टीने चुकीचा ठरत नाही. त्या दिवसांत तिसरी लाट केव्हा येईल आणि कशी असेल हे समितीलाही ठाऊक नव्हते.

शिळफाटा, आपण तरुणांविषयी लिहिले आहे म्हणून सांगते. माझ्या मुलाचा पहिला डोस २४ जूनचा. तो माझ्याच टेबलाशी प्रमाणपत्र घेऊन आला होता, थट्टेने नव्हे, खरोखरच काही होईल या आशेने. मी शिक्का मारला नाही. तो ३० सप्टेंबरपर्यंत आपल्याच बसमार्गाने कामावर जात होता, आणि त्या काळात घरी आमचे बोलणे फार नव्हते.