बरोबरी पुरली नसती!

दादा, भारताच्या महिला फुटबॉल संघाने मंगोलियाला १३-० हरवल्यामुळे थायलंडशी बरोबरीही चालली असती, असं तुम्ही म्हणता. तसं नव्हतं. महिला आशियाई चषक २०२६ च्या पात्रता फेरीत ब गटात पाच संघ होते आणि जागा एकच, गटविजेत्याची. ५ जुलै २०२५ ला थायलंडमधल्या चियांग माईत एकमेकांविरुद्ध उतरताना भारत आणि थायलंड दोघांचेही ९ गुण होते. आधीच्या तीन सामन्यांत भारताचे गोल १३, ४, ५. थायलंडचे ११, ४, ७. दोन्हीकडे २२ गोल, स्वीकारला एकही नाही! सामना बरोबरीत सुटला असता तर आपसांतला निकाल, गोलफरक, गोलसंख्या सगळंच समान राहून थेट पेनल्टी शूटआउट. म्हणून भारताच्या संगीता बासफोरचा ७४व्या मिनिटाचा, बरोबरी मोडणारा दुसरा गोल इतका मोलाचा.

आणखी एक. गटात पाच संघ म्हणजे दर फेरीत एक संघ बसून राहतो, त्यामुळे विश्रांती असमान मिळते. भारताला पहिल्या सामन्यानंतर २९ जूनपर्यंत उसंत होती, पुढचे सामने मात्र लागोपाठ २ आणि ५ जुलैला. अशा वेळी राखीव मुलींना दुबळ्या संघाविरुद्धच खेळवून घ्यावं लागतं.

सोलापुरात मुलींच्या गटस्पर्धा भरवणाऱ्यांनी समान गुणांचा नियम क्रमवार आधीच छापून द्यावा, आणि शेवटच्या फेरीचे सामने एकाच वेळी लावावेत. नाहीतर नंतर खेळणाऱ्या संघाला किती गोल हवेत ते आधीच कळतं.