मदत हवी आहे: खेकड्यांवरच्या प्रयोगाचा परवाना क्रमांक आणू कुठून?

रानजुई: पेपर रिव्हिजनला परत आलाय. एक रिव्ह्यूअर अडून बसलाय की प्राण्यांवरच्या प्रयोगाचा परवाना क्रमांक लिहा. प्रयोग खेकड्यांवर आहे. विद्यापीठाच्या ऑफिसात विचारलं तर म्हणे परवाना लागतच नाही. मग क्रमांक काय मनाने लिहू? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. प्लीज लवकर सांगा.

जुना_खोंड: सीपीसीएसईएला, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीला लिहा, आता नाव सीसीएसईए झालंय. आपल्या प्राणी-क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात माणूस सोडून कुठलाही जिवंत जीव म्हणजे प्राणी. खेकडा आलाच त्यात.

मनवा: कायद्याची व्याख्या एक आणि कॉलेजातली समिती बघते ते दुसरं. तिथे उंदीर-ससे सोडून कुणी काही विचारत नाही. पण ताई, तुम्ही आहात कुठे? खेकडा कुठला? आणि त्याचं करता काय?

रानजुई: इंग्लंडात. किनाऱ्यावरचा साधा हिरवा खेकडा. पायाच्या सांध्यातून बारीक सुईने हिमोलिंफ, म्हणजे खेकड्याचं रक्त, काढते, ताण मोजायला. मग परत टाकीत.

जुना_खोंड: मग हे आधी सांगायचं ना!

दर्यावर्दी: आमच्याकडे हॅचरीत कोळंबीच्या मादीचा एका डोळ्याचा देठ चिमट्याने दाबून काढतात. अंडी धरू न देणारं हार्मोन त्या देठात असतं. तिथे कुणी परवाना मागत नाही आणि तुम्ही सुई टोचायचा घेताय?

मनवा: कोणी मागत नाही म्हणून दुखत नाही असं थोडंच आहे? बेलफास्टच्या रॉबर्ट एलवुड यांनी याच खेकड्याला दोन अंधाऱ्या आडोशांतला एक निवडायला दिला आणि एकात शॉक ठेवला. दोन-तीन फेऱ्यांत बरेच खेकडे दुसऱ्या आडोशाला जायला लागले. अंधार सोडवत नाही अशा प्राण्याने हे करावं!

दर्यावर्दी: चटका बसला की झुरळही पळतं.

मनवा: पळणं वेगळं, पुढच्या वेळी जागा बदलणं वेगळं.

कोकणी_सुगरण: कुर्ल्या आधी तासभर फ्रीजरात ठेवायच्या, मग नांग्या मोडायच्या. त्रास कमी होतो म्हणतात आणि रस्साही गोड लागतो.

लॅबउंदीर: धागा भरकटतोय. रानजुई, तुमचं ऑफिस बरोबर आहे. ब्रिटनचा प्रयोगांचा कायदा १९८६ चा. त्यात पाठीचा कणा असलेले प्राणी येतात. १९९३ मध्ये ऑक्टोपसची एक जात घेतली, २०१३ पासून माकूळ-ऑक्टोपसचा सगळा वर्ग. खेकडे-कोळंबी अजून बाहेरच.

जुना_खोंड: ब्रिटनचाच २०२२ चा प्राण्यांच्या संवेदनशीलतेचा कायदा विसरलात. त्यात खेकडे, शेवंड सगळे आहेत.

लॅबउंदीर: आहेत, पण तो मंत्र्यांच्या धोरणावर लक्ष ठेवायला. प्रयोगशाळेच्या परवान्याशी त्याचा संबंध नाही. विचित्र आहे खरं. सरकार म्हणतं खेकड्याला वेदना होतात आणि प्रयोगाच्या कायद्याला ते माहीतच नाही. रिव्ह्यूअर नॉर्वे किंवा न्यूझीलंडचा असणार, तिथे खेकड्यालाही मंजुरी लागते. त्याला नीट लिहा: ब्रिटनमध्ये या जातीला परवाना लागू नाही, म्हणून क्रमांक नाही. प्राण्यांवरचे प्रयोग पेपरात कसे मांडायचे त्याच्या अराइव्ह नियमावलीतही क्रमांक 'लागू असल्यास' आहे, आणि मंजुरी घेतली नसेल तर कारण द्यायचं असतं. विद्यापीठाच्या एथिक्स समितीचं पत्र आहे का?

भटक्या: नालाकार खेकड्याचं निळं रक्त औषधं तपासायला काढतात, त्यावरही कायदा हवा.

मनवा: तो खेकडा नाहीच, विंचवा-कोळ्यांच्या गोत्रातला आहे.

रानजुई: पत्र नाही. सुरुवात करण्याआधी समितीला ईमेल केला होता. 'हा प्राणी आमच्या कक्षेत नाही' इतकंच उत्तर आलं.

लॅबउंदीर: तारीख प्रयोगाच्या आधीची ना? मग तेच जोडा. मागाहून मंजुरी कुणी देत नाही, मागूही नका. किती हिमोलिंफ काढलं, आधी थंड केलं होतं का, नंतर किती मेले, हे पेपरच्या पद्धतीच्या भागात लिहा. खरं बोट रिव्ह्यूअर तिथेच ठेवणार.

रानजुई: थंड केलं नव्हतं. ताण मोजायला मी रक्तातलं लॅक्टेट बघते, गारव्याने त्याचे आकडेच बदलतील.

लॅबउंदीर: मग हेच वाक्य लिहा.

कोकणी_सुगरण: तिकडच्या हिरव्या खेकड्यांत मांस असतं का हो?