'मौखिक परंपरा' की 'श्रुती'? शुभवर्तमानं लिहिली जाण्याआधीच्या काळाला शब्द हवा

तळटीप
पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती समाजावरचा लेख मराठीत आणतो आहे. येशूचा मृत्यू इ.स. ३० च्या सुमाराचा, मार्कचं शुभवर्तमान (मत्तय, मार्क, लूक, योहान या येशूच्या चार चरित्रग्रंथांपैकी एक) ७० च्या आसपासचं. मधली चाळीसेक वर्षं त्याची वचनं आणि गोष्टी मुख्यतः तोंडीच फिरत होत्या. या टप्प्याला मी 'मौखिक परंपरा' म्हटलं, संपादकांनी 'श्रुतिपरंपरा' केलं. दुसरा प्रश्न: अभ्यासक त्या फिरत्या गोष्टींच्या एकेका सुट्या तुकड्याला 'पेरिकोपी' म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणावं?

पोथीवाचक
'श्रुती' अजिबात नको. श्रुती म्हटली की अक्षर हलता कामा नये. वेदपठणाच्या घनपाठ नावाच्या रीतीत १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ असे शब्द उलटसुलट म्हणतात ते त्यासाठीच. एखादा निसटला तर जागच्या जागी कळतो. शुभवर्तमानांमागे असली यंत्रणा दिसत नाही. यरीहोच्या आंधळ्याची गोष्ट घ्या. मार्कमध्ये (१०:४६) येशू गाव सोडताना तो भेटतो आणि त्याचं नाव बार्तीमय. लूकमध्ये (१८:३५) गावाजवळ येताना भेटतो, नाव नाही. मत्तयात (२०:३०) आंधळे दोन. पण "मी तुझ्यासाठी काय करावं?" हा प्रश्न आणि "दृष्टी हवी" हे उत्तर तिन्हीकडे आहे. गाभा पक्का, कडा सैल. ही सांगण्याची रीत आहे, पाठांतराची नव्हे.

रानजाई
श्रुती म्हणजे फक्त वेद, हे कुणी ठरवलं? 'जनश्रुती' आपण सर्रास लिहितो. 'मौखिक' शब्द बोलणाऱ्याकडे बोट दाखवतो, इथे ऐकणारा महत्त्वाचा आहे. "ज्याला ऐकायला कान आहेत त्याने ऐकावं" हे वचन मुळातच कानांसाठी आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा हिएरापोलिसचा बिशप पापियास तर म्हणतो की पुस्तकांपेक्षा जिवंत, टिकून राहणाऱ्या आवाजाचा मला जास्त उपयोग झाला.

काना_मात्रा
'जनश्रुती'त अफवेची छटा आहे. 'ऐकीव' आणि 'कर्णोपकर्णी' त्याहून वाईट. दोन्ही ऐकताच वाचक मनात "खरं नसावं" म्हणतो. अनुवादकाने वाचकाच्या मनात निकाल देऊन ठेवू नये.

वसईकर
मूळ ग्रीक शब्दाकडे कुणी पाहतच नाही. तो आहे 'पाराडोसिस', म्हणजे हातातून हातात देणं. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:३) सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल लिहितो की मला जे मिळालं तेच मी तुम्हांला सोपवलं. पत्र ५५ च्या आसपासचं, म्हणजे मार्कच्याही आधीचं. 'मिळालं–सोपवलं' ही यहूदी गुरूंची ठरीव जोडी, वाक्य गुरुशिष्यांच्या साच्यातलं. 'पाराडोसिस'मागच्या 'डिडोमी' (देणे) या क्रियापदातला धातू आणि आपला 'दा' एकाच कुळातले. म्हणून अचूक मराठी शब्द 'संप्रदाय': सम्-प्र-दा, नीट हाती देणं. 'परंपरा'मध्ये एकामागून एक येणं आहे, देणं नाही.

काना_मात्रा
व्युत्पत्ती मान्य, वापर अशक्य. आज 'मौखिक संप्रदाय' लिहिलं तर वाचक वारकरी, नाथ, महानुभाव अशा पंथांच्या यादीत तो शोधेल. शब्दाचा अर्थ आज चालतो तो, धातुकोशातला नव्हे. आणि त्याच पत्रात ११:२३ ला तेच क्रियापद दोनदा येतं: जे मी तुम्हांला सोपवलं ते असं, की ज्या रात्री प्रभू येशू सोपवला गेला... दुसऱ्या ठिकाणी अर्थ धरून देणं. दोन्हीकडे चालेल असा शब्द 'हवाली करणे'.

रानजाई
'हवाली' अरबीतून आलेला. धर्मग्रंथाच्या चर्चेत तो खटकतो.

वसईकर
खटकू नये. मार्कने स्वतः ग्रीकमध्ये येशूच्या बोलीतले, म्हणजे अरामी शब्द तसेच ठेवले: 'तलीथा कूम', 'एफ्फथा', 'अब्बा', आणि शेजारी अर्थ दिला. तोंडी थराचा हा सगळ्यांत ठळक पुरावा. तिथे कुणी भाषाशुद्धी केली असती तर तो आपल्याला दिसलाच नसता. प्रभूच्या प्रार्थनेतही तेच. मत्तयात (६:१२) 'ऋणं' सोड, लूकमध्ये (११:४) 'पापं' क्षमा कर. अरामी 'होबा'चे दोन्ही अर्थ होतात. भाषांतर करणाऱ्यांनी एकेक उचलला.

पोथीवाचक
आता पेरिकोपीकडे येऊ. शब्दशः अर्थ 'भोवतीने कापलेला', म्हणजे लिखित पानातून कापलेला. 'उतारा' लिहिलं तर लेखनाआधीच्या तुकड्याला लेखनाचं नाव मिळतं. माझी सूचना 'लीळा'. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा केल्या, नागदेवांकडून पडताळल्या, मग ओळीने लावल्या. लूक आपल्या प्रस्तावनेत (१:१–४) जवळपास हीच पद्धत सांगतो. मूळ पोथी गेल्यावर लीळा पुन्हा स्मरणातून उभ्या राहिल्या आणि पाठ वेगळे झाले. त्या पाठभेदाला महानुभावांचा शब्द आहे 'वासना'. बार्तीमयाच्या तीन वासना आहेत, असं म्हणता येईल.

तळटीप
'वासना' छापली तर काय अर्थ लागेल याची कल्पना करा. 'लीळा'ही नको, तीत ईश्वराची क्रीडा आली, ते तत्त्वज्ञान इथलं नाही. 'प्रसंग' कसा वाटतो?

काना_मात्रा
प्रसंगात वचन बसत नाही. दाखला, वाद, चमत्कार, नुसतं वाक्य, हे सगळं पेरिकोपी असू शकतं. १९१९ ते १९२१ मध्ये श्मिट, डिबेलियस आणि बुल्टमान या जर्मन बायबल-अभ्यासकांनी जी वर्गवारी उभी केली ती याच फरकांवर.

रानजाई
एक मुद्दा राहिला. सगळे 'शुभवर्तमान' लिहीत आहेत. ते पुस्तकाचं नाव. तोंडी काळात 'एवांगेलियोन' (त्यामागचा ग्रीक शब्द) म्हणजे घोषित केलेला निरोप. पौलाच्या पत्रांत पुस्तक हा अर्थ कुठेच नाही. ग्रंथांना ते नाव स्पष्टपणे लावलेलं दिसतं ते १५० च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाकडे, आणि तोही त्यांना प्रेषितांच्या 'आठवणी' म्हणतो. म्हणून ७० च्या आधी 'सुवार्ता', पुढे 'शुभवर्तमान'.

वसईकर
मराठी बायबलने ही सोय आधीच केली आहे: ग्रंथाचं शीर्षक 'शुभवर्तमान', आतल्या पहिल्याच ओळीत (मार्क १:१) 'सुवार्ता'.

पोथीवाचक
सोय म्हणून ठीक. पण 'वर्तमान' म्हणजेही बातमीच, 'वर्तमानपत्र'मधलं. दोन शब्दांत लिखित-तोंडी असा भेद मुळात नाही, तो आपण घालतो आहोत.

रानजाई
घालू या की. जस्टिनच्या 'आठवणी'ही हाताशी आहेत. पेरिकोपीला 'आठवण' का म्हणू नये?

काना_मात्रा
आठवण ज्याने पाहिलं त्याची असते. चाळीस वर्षांनी सांगणाऱ्या तिसऱ्या माणसाची ती आठवण उरते का?